लेण्यांत न दिसणारे राजे

इटलीतल्या रावेन्ना शहरी, 547 मध्ये पवित्र केलेल्या सान विताले चर्चमध्ये, सम्राट जस्टिनियन वेदीजवळच्या भिंतीवर सोनेरी मोझेकमध्ये लवाजम्यासह उभा आहे. डोक्यामागे संताला शोभेल असं तेजोवलय. गंमत म्हणजे हा गृहस्थ त्या गावी कधी गेलाच नव्हता.

साधारण त्याच काळात आपल्या साष्टी बेटावर आणि घारापुरीत डोंगर कोरले जात होते. मीरा-भाईंदर हे साष्टीचं उत्तर टोक; दोन-तीन स्टेशनांवर बोरिवली, तिथून कान्हेरी आणि मंडपेश्वर. या लेण्यांत राजाचा चेहरा शोधाल तर हात हलवत परत याल.

तरीही आपल्याकडे ‘राजाश्रय’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. कान्हेरीला सापडलेला ताम्रपट संवत् 245 चा, म्हणजे इ. स. 494-95 चा. त्यात राज्य त्रैकूटक घराण्याचं. चैत्य उभारणारा मात्र सिंधहून आलेला बुद्धरुची. नाण्यांवर स्वतःला परमवैष्णव म्हणवणारा दह्रसेन याच घराण्यातला! राजाचा देव एक, डोंगरातला दुसरा, आणि त्याने काही अडलं नाही. इथली उत्तरकालीन बुद्धमूर्तींची शिल्पपटलं पुष्कळदा साचेबंद वाटतात, हे कबूल करावं. पण 90 क्रमांकाच्या लेण्यातला अवलोकितेश्वर पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंना हत्ती, सिंह, साप, फुटणारं जहाज अशा संकटांतली माणसं त्याला हाक मारताहेत. ही दरबाराची नव्हे, वाटेवरच्या व्यापाऱ्याची भीती आहे.

घारापुरीचं श्रेय आज बहुतेक अभ्यासक कलचुरी कृष्णराजाच्या काळाला देतात. आधार काय, तर बेटावर सापडलेली त्याची नाणी आणि शैलीची तुलना. कारण तिथला शिलालेख पोर्तुगिजांनी आपल्या राजाकडे पाठवला आणि तो हरवला, असं पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दु कूतो लिहून गेला. कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्यांवर एकीकडे राजाचं मस्तक, दुसरीकडे नंदी, भोवती ‘परममाहेश्वर’ ही बिरुदावली. राजाचा चेहरा नखाएवढा आणि घारापुरीचा सदाशिव दोन-तीन पुरुष उंच! मला हे प्रमाण जस्टिनियनच्या सोन्यापेक्षा बोलकं वाटतं. जोगेश्वरीच्या लेण्याची आखणी तितकीच धीट, पण तिथला ठिसूळ दगड आणि झिरपणारं पाणी यांनी शिल्पं खाऊन टाकली आहेत.

राज्य बदललं की भिंतीही बदलतात. रावेन्नाच्याच सांत’अपोलिनारे नुओव्होत गॉथ राजा थिओडोरिकच्या राजवाड्याचं चित्र आहे. तो पाखंडी ठरलेल्या एरियन या ख्रिस्ती पंथाचा, म्हणून पुढच्यांनी कमानींतली माणसं पुसून तिथे पडदे काढले. खांबांवर काही सुटे हात तेवढे राहून गेले. मंडपेश्वरात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन आले, चर्च झालं, एका भिंतीवरचं शिल्प तासून तिथे मोठा क्रूस कोरला गेला. नटराज मात्र, अंगावर घाव घेऊन का होईना, अजून नाचतो आहे.