पिनबॉल यंत्रांतील प्रकाशयोजना आणि खेळाडूचे कौशल्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
खिळे ठोकलेल्या फळीवरून गोळ्या सोडण्याचा बॅगाटेल हा खेळ अनेक मराठी घरांना परिचित आहे. पिनबॉल हे त्याचेच विकसित यांत्रिक रूप होय. आधुनिक पिनबॉलमधील प्रकाश हा केवळ शोभेचा भाग आहे की खेळाचा घटक, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कौशल्याचा प्रश्न :
गॉटलीब कंपनीच्या ‘बॅफल बॉल’ (१९३१) या यंत्रात गोळी सुटल्यावर खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे. ‘हम्प्टी डम्प्टी’ (१९४७) मध्ये विजेवर चालणारे फ्लिपर आले आणि गोळी परतवणे शक्य झाले. तरीही न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून जुगार म्हणून असलेली बंदी १९७६ मध्येच उठली. त्या वेळी रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेसमोर गोळी कोठे जाईल ते आधी सांगून फटका मारून दाखविला होता. तात्पर्य, नेम धरता येणे हाच कौशल्याचा पुरावा ठरला. आणि नेम धरण्यासाठी लक्ष्य दिसावे लागते.

प्रकाशाची भाषा :
पॅट लॉलर यांनी रचनेत सहभाग घेतलेले ‘द ॲडम्स फॅमिली’ (१९९२) हे यंत्र या दृष्टीने आदर्श मानावे लागेल. त्यातील वाड्याच्या खोल्यांपैकी लुकलुकणारी खोली पुढील बक्षीस सांगते, तर मिळविलेली खोली स्थिर उजळून राहते. काय झाले व काय उरले, हे नवख्यालाही उमगते. ‘द विझार्ड ऑफ ओझ’ (२०१३) पासून बहुरंगी एलईडी दिवे आणि मोठा पडदा यांचा प्रभाव वाढला. एकाच बाणाने रंग बदलून अनेक अर्थ सांगावेत, ही सोय निश्चितच मोलाची आहे. परंतु तंतूचा दिवा मंदपणे विझतो, एलईडी मात्र क्षणात. त्यामुळे वेगवान लखलखाट डोळ्यांना बोचतो व काचेवरील परावर्तनात गोळी हरवते. शिवाय लाल-हिरव्यातील भेद न जाणवणाऱ्या खेळाडूस केवळ रंगावर आधारलेली सूचना निरुपयोगी ठरते.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेसारख्या ठिकाणी आकाशपाळण्याचे दिवे दुरून माणसे बोलावतात. तेथे त्यांचे काम संपते. पिनबॉलच्या दिव्यांचे खरे काम खेळाडू यंत्रापाशी आल्यानंतर सुरू होते. नवी यंत्रे हा भेद अनेकदा विसरतात.

समारोप :
दिव्यांची संख्या हा प्रकाशयोजनेचा निकष असू शकत नाही. गोळी निसटल्यावर आपली चूक कोठे झाली हे खेळाडूस कळावे, हाच खरा निकष होय. ज्या यंत्रात ते कळत नाही, तेथे फ्लिपरने मिळवून दिलेले कौशल्य पुन्हा नशिबाच्या स्वाधीन होते आणि १९४२ चा आक्षेप नव्याने खरा ठरू लागतो.