गुरुत्वाकर्षण तुमचं, दर त्यांचा

रोब्लॉक्समध्ये आपलं पात्र मरतं तेव्हा रक्त सांडत नाही. हात, पाय, डोकं सुटं होऊन जमिनीवर विखुरतं. गंमत वाटते, पण या खेळाची जन्मकुंडली त्यातच आहे.

डेव्हिड बझुकी यांनी १९८९मध्ये 'इंटरॅक्टिव्ह फिजिक्स' हे सॉफ्टवेअर आणलं, ते भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी. कप्पी, उतार, स्प्रिंग पडद्यावर मांडायचे आणि काय होतं ते बघायचं. मुलांनी मात्र त्यात गाड्या एकमेकींवर आदळल्या, इमारती पाडल्या. कंपनी १९९८मध्ये दोन कोटी डॉलरना विकली गेली, पण मुलांची ती मोडतोड बझुकींच्या डोक्यातून गेली नाही. जुने सहकारी एरिक कॅसल यांच्यासोबत त्यांनी नवा नमुना उभा केला. २००४मध्ये त्याचं नाव होतं 'डायनाब्लॉक्स'. पुढे 'रोबॉट' आणि 'ब्लॉक्स' जोडून 'रोब्लॉक्स' झालं आणि २००६मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

दिसायला हे लेगोसारखं, पण मूळ प्रयोगशाळेचं. ठोकळ्याला वजन आहे, घर्षण आहे, सांधा आहे. स्फोटात सांधे तुटले की भिंत कोसळते. पात्रही तसंच सुटं होतं. भिंतीला एक नियम आणि माणसाला दुसरा, असा भेदभाव नाही. या जुन्या रोब्लॉक्सचं खरं सौंदर्य मला इथे दिसतं. गोष्ट कोणी लिहून दिलेली नाही. नियम दिलेत, गोष्ट तुम्ही घडवा.

नियमही बदलता येतात. रोब्लॉक्स स्टुडिओत गुरुत्वाकर्षण म्हणजे एक आकडा: १९६.२. तो कमी केला की उडी चंद्रावरची होते. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात एवढी सत्ता दुसरं कोण देतं?

पण एक आकडा त्याच्या हातात नाही. २०१३पासून खेळ बनवणाऱ्यांना रोबक्सचे खरे पैसे करता येतात. रोबक्स विकत घेताना एकाला साधारण एक सेंट पडतो. कमावलेला रोबक्स वटवताना निर्मात्याला त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. सर्व्हर, अ‍ॅप स्टोअर यांचा खर्च असतो, मान्य. तरी तो दर कंपनी ठरवते, आणि स्टुडिओत तो बदलायचं बटण नाही.

म्हणून रोब्लॉक्सला मोजायचं तर त्याच्या पहिल्या नमुन्याच्याच मापाने मोजावं: इथले किती नियम मुलांना हाताळता येतात? भौतिकशास्त्रात तो अजून पास आहे. अर्थशास्त्राचा पेपर त्याने मुलांना अजून दाखवलेलाच नाही.