छडीची जात

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. १९३५ साली ते छापून आलं. त्यात श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, तेव्हा आई त्याला शिंपटीनं फोडून काढते आणि पोहायला धाडते. ह्या माराला मराठी वाचकानं आजवर एकच नाव दिलंय. संस्कार.

आता लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' घ्या. साल १९८७. तिथं पोरांना चोरी शिकवताना घरचीच माणसं मारतात. का? तर उद्या पोलिसांनी सोलून काढलं तरी पोराच्या तोंडून नाव फुटू नये म्हणून. हे वाचून पांढरपेशा वाचक हळहळतो. काय ही क्रूर माणसं, लेकरावर काय हा अत्याचार!

म्हंजे वळ सारखेच. एका घरात ती माया, दुसऱ्या घरात रानटीपणा. माणूस ज्या घरात वाढतो, त्या घरातल्या माराला तो मार म्हणत नाही. आपली समीक्षाही त्याच घरात वाढलीय. म्हणून तिनं साधा सवाल केला नाही, की पोराच्या पाठीवर पडणारा हात खरा कुणाचा? १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मापास्नं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पोलिसांचा संशय गेला नाही. 'उचल्या'तला घरचा माणूस पोराकडून चौकीतल्या दंडुक्याची तालीम करून घेतोय.

आणि जिथं हातच उगारला जात नाही तिथं? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. शिपायानं नळ उघडला तरच प्यायला मिळे, शिपाई नसला की तहान तशीच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत त्यांनीच हे लिहून ठेवलंय. अंगावर वळ नाही. वळ मोजणाऱ्याच्या हिशोबात हा छळ बसतच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतल्या मारासोबत मानसिक छळालाही बंदी घातली. कायदा इथवर आला. समीक्षा कुठाय?

पण मित्रांनो, आपल्यातही काहीजण स्टेजवर छाती काढून सांगतात, "बापानं हाणलं म्हणून घडलो." टाळ्या पडतात. साफ खोटं. घडलो ते शिकलो म्हणून. 'उपरा'तल्या कैकाडी बापाचं मोठेपण पोराला शाळेत घालण्यात आहे. माराचं कारण सांगणं वेगळं आणि माराला माफी देणं वेगळं. आपणच म्हणालो की आमची पोरं टणक, त्यांना चालतं, तर हॉटेलवाला आणि भट्टीवाला तरी दुसरं काय म्हणतो?

२०१६ ची दुरुस्ती बघा. चौदाच्या आतल्या पोरांना कामाला बंदी, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या बिनधोक्याच्या धंद्यात मदत चालेल. ज्याच्या घरी दुकान आहे त्याला ही मदतच वाटणार. आपल्याकडं घरचा धंदा म्हंजे टोपल्या विणणं, केरसुण्या बांधणं. जातीनं दिलेलंच काम पोराच्या हातात परत.

म्हणून पुढचं आत्मकथन हाती घ्याल तेव्हा दोन गोष्टी बघा. मारणाऱ्या हातामागं कोण उभं आहे? आणि ते पोर स्वतः काय सांगतंय? त्याचं बोलणं आपल्या लोकांच्या विरोधात जात असलं तरी ते छापा.

जय भीम.