‘किनाइन आको’: तागालोगचे क्रियापद आणि आपले प्रयोग

शहापुरातल्या आमच्या शेजारचा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. बरोबरचे बरेच जण फिलिपिन्सचे. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, “काका, त्यांची दोन-चार वाक्ये तरी समजावून द्या.” लिओनार्ड ब्लूमफील्ड यांच्या १९१७च्या तागालोग व्याकरणावरची माझी टिपणे होती. त्या बळावर सांगितले, ‘कुमाइन’ कर्तरी, ‘किनाइन’ कर्मणी, आपल्यासारखेच.

जहाजावर कुणी जेवलास का विचारले. ‘मी खाल्लं’ मनात धरून तो म्हणाला, ‘किनाइन आको’. सगळे हसले. त्याचा अर्थ होतो, ‘मला खाल्लं’.

चूक माझी, आणि थोडी परिभाषेचीही.

‘काइन’ म्हणजे खाणे. पहिल्या व्यंजनामागे ‘उम’ घातला की कुमाइन, ‘इन’ घातला की किनाइन. क्रियापद आधी येते. ‘कुमाइन आंग बाता नांग मांग्गा’ म्हणजे त्या पोराने एक आंबा खाल्ला. ‘किनाइन नांग बाता आंग मांग्गा’ म्हणजे तो आंबा पोराने खाल्ला. ‘आंग’ ज्या नामाआधी येतो, त्याचे वाक्यातले काम काय, हे क्रियापद सांगते. ताटाआधी ‘आंग’ आला तर क्रियापद ‘किनाइनान’ होते: त्या ताटात पोराने खाल्ले.

इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या आल्फ्रेडो सांतियागो यांच्या तोंडून ऐकून ब्लूमफील्ड यांनी हे सारे नोंदवले. नोंद चोख आहे, पण किनाइन, किनाइनान या रूपांना त्यांनी ‘पॅसिव्ह’ म्हटले. इंग्रजी पॅसिव्हमध्ये करणारा मागे पडतो, बऱ्याचदा गळतोच. इथे पोर जागेवरच आहे. ‘पोराने आंबा खाल्ला’ यातही ते जागेवर असते. पॅसिव्हच्या जवळ जाते ते ‘आंबा खाल्ला गेला’. इथपर्यंत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा सुखी.

पुढे मात्र पाय घसरतो. आपला प्रयोग आपण निवडत नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की बहुधा कर्मणी येतोच. तागालोगमध्ये बोलणारा निवडतो, आणि काळ कुठलाही असो. कुमाकाइन, किनाकाइन ही चालू क्रियेची रूपे; काकाइन, काकाइनिन व्हायच्या क्रियेची. शिवाय मोरो केशव दामल्यांपासून (‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, १९११) शाळेपर्यंत आपण प्रयोग ओळखतो तो क्रियापद लिंगवचनात कुणामागे जाते, यावरून. तागालोग क्रियापदाला लिंगही नाही, पुरुषही नाही. ती कसोटी तिथे लागूच पडत नाही.

आणि सर्वनाम. ‘तो आला’, पण ‘त्याने खाल्लं’. ‘मी’ मात्र दोन्हीकडे ‘मी’च. तागालोगमध्ये ‘कुमाइन आको’, पण ‘किनाइन को’. पोरगा अडखळला तो नेमका इथे, अस्सल मराठीपणाने.

दोन वर्षांपूर्वी मुरबाडला एका व्याख्यानात मी हेच समीकरण फळ्यावर लिहिले होते, आणि कॉलेजातली मुले ते उतरवून घेत होती. ते आता खोडावे, म्हणून हे लिहिले.

शेजारचा मुलगा हल्ली ‘कुमाइन ना आको’ म्हणतो. मी जेवलो. मराठीतही हा कर्तरीच आहे. त्याला आधी ‘खाल्लं’ऐवजी ‘जेवलो’वरून शिकवले असते, तर तो जहाजभर हसला गेला नसता.