सेमाफोर, मॉनिटर आणि जावा : शिस्तीची जबाबदारी

एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या लेखनात मांडलेली ‘सेमाफोर’ ही संकल्पना सामायिक माहितीच्या एकाच वेळी होणाऱ्या वापराला शिस्त लावणारी ठरली, हे निर्विवाद होय. तथापि माहितीला लावलेले कुलूप उघडण्याचे काम प्रोग्रॅमरच्या स्मरणावरच राहिले. एकदा विसर पडला की इतर प्रक्रिया ताटकळतात. ब्रिंच हॅन्सन व होअर यांच्या मॉनिटरने १९७० च्या दशकात ते काम भाषेच्या रचनेतच बांधले. जावाने मात्र ‘सिंक्रोनाइज्ड’ ऐच्छिक ठेवले. तो शब्द गाळला तरी कंपायलर मौन पाळतो, आणि खात्याच्या एकाच शिलकेवर दोन थ्रेडनी एकदम लिहिल्यास एक नोंद निमूट हरवते. ब्रिंच हॅन्सन यांनी १९९९ मध्ये यावर केलेली टीका कठोर, परंतु रास्त आहे. २००४ च्या जावा ५ मधील स्वतंत्र कुलुपे तर पुन्हा प्रोग्रॅमरनेच आठवणीने उघडावयाची आहेत.