यजमान घरात झोपला की घर वाचतं?

न्यूयॉर्क शहरात राहतं घर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी पाहुण्यांना द्यायचं असेल, तर यजमानाने त्या काळात तिथेच राहायला हवं. पाहुणे जास्तीत जास्त दोन, आतल्या खोल्यांना कुलूप चालत नाही. नोंदणी नसलेलं बुकिंग एअरबीएनबीसारख्या कंपन्यांनी घ्यायचं नाही, असं बंधन ‘लोकल लॉ १८’ने घातलं. त्याची अंमलबजावणी सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झाली. राहती घरं हॉटेलं होऊ नयेत, भाडी चढू नयेत, हा हेतू रास्तच आहे. माझा आक्षेप मोजमापाला आहे.

हवी ती गोष्ट थेट मोजता येत नसेल, तर आपण तिच्याऐवजी दुसरी मोजतो. विज्ञानात हे रोजचंच. इथे मोजायचंय काय? घर कायमच्या भाडेकरूंच्या हातातून गेलं का, हे. आणि मोजतोय काय? आज रात्री यजमान घरात आहे का!

बॅरन, कुंग आणि प्रोसेर्पिओ यांचा २०२१चा पेपर बघा. अमेरिकेतल्या मध्यम भागात एअरबीएनबीवरची घरं १ टक्क्याने वाढली, की भाडं साधारण ०.०१८ टक्क्यांनी वाढतं. आकडा चिमुकला, पण ही घरं वाढत होती झपाट्याने. जिथे मालक स्वतःच्या घरात राहण्याचं प्रमाण जास्त, तिथे परिणाम कमी दिसला. म्हणजे मालकाचं राहणं महत्त्वाचं आहेच. पण राहणं म्हणजे वर्षभराचा पत्ता, एका रात्रीची हजेरी नव्हे.

समजा, एकीने दोन आठवडे गावी जाताना आपला फ्लॅट पाहुण्यांना दिला. शहरातलं एकही घर कमी झालं नाही, तरी ते बेकायदा. दुसरीने जादाची खोली वर्षभर पाहुण्यांनाच दिली. एखाद्या विद्यार्थिनीची जागा गेली, पण नियम पाळला गेला.

सॅन फ्रान्सिस्कोत यजमानाने वर्षातल्या किमान २७५ रात्री त्या घरात राहायचं असतं आणि त्याच्या गैरहजेरीत घर वर्षाला ९० रात्रीच देता येतं. हे मूळ प्रश्नाच्या जास्त जवळ जातं. अडचण एकच: २७५ रात्री मोजणार कोण? हजेरी निदान दार ठोठावून तपासता येते. शिवाय पाहुण्यांनी गोंधळ घातला, तर शेजाऱ्यांना बोलायला कुणीतरी असतं.

म्हणून हजेरीला शेजाऱ्यांच्या सोयीचा नियम म्हणा, मला मान्य आहे. भाड्यावरचा इलाज म्हणून तो खपवू नका. खोली शोधणाऱ्याला यजमान कुठे झोपतो याने फरक पडत नाही. खोली मिळते का, याने पडतो.