‘आम्ही’ की ‘आपण’? : न्यू इंग्लंडमधील दोन भाषाग्रंथांचे परीक्षण

उत्तर अमेरिकेतील प्यूरिटन वसाहतींचा इतिहास सामान्यतः सनदा, करार आणि प्रवचने यांच्या आधारे लिहिला जातो. १६२० चा ‘मेफ्लॉवर’ जहाजावरील ४१ पुरुषांच्या सह्यांचा करारलेख आणि १६३० मधील जॉन विन्थ्रॉप यांचे प्रवचन ही त्यातील ठळक साधने होत. ही साधने वसाहतकारांनी परस्परांस उद्देशून निर्माण केली. त्यांतील प्रथमपुरुषी अनेकवचनात तद्देशीय रहिवाशांस स्थान नाही. म्हणून वसाहतकारांनी त्या रहिवाशांच्या भाषांविषयी काय लिहून ठेवले, याची चिकित्सा भाषाभ्यासकाने करणे अवश्य आहे. या दृष्टीने रॉजर विल्यम्स यांचा ‘अमेरिकेच्या भाषेची किल्ली’ (१६४३) आणि जॉन एलियट यांचा ‘इंडियन व्याकरणाचा प्रारंभ’ (१६६६) हे दोन ग्रंथ येथे विचारार्थ घेतले आहेत.

विल्यम्स १६३१ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे आले. इंग्लंडच्या राजास तद्देशीयांची भूमी सनदेने देऊन टाकण्याचा अधिकार नाही, तसेच धर्मश्रद्धेच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांस सत्ता नाही, ही त्यांची मते वसाहतीच्या धुरीणांस असह्य झाली. १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. पुढल्या वर्षी नॅरगॅन्सेट प्रमुख कॅनोनिकस व मियान्टोनोमी यांच्याकडून मिळालेल्या भूमीवर त्यांनी प्रॉव्हिडन्स वसविले. ‘किल्ली’ हा ग्रंथ त्यांनी १६४३ साली इंग्लंडला जाताना समुद्रप्रवासात रचला व तो लंडनमध्ये छापला गेला.

ग्रंथाची रचना विलक्षण आहे. हा शब्दकोश नव्हे आणि व्याकरणही नव्हे. अभिवादनापासून मृत्यू व दफनापर्यंत ३२ प्रकरणांत, दोन माणसे बोलत आहेत अशा क्रमाने, वाक्ये मांडलेली आहेत. मधून मधून निरीक्षणे आणि प्रकरणाच्या शेवटी एक लहान पद्य. सैद्धान्तिक भाग दुबळा आहे, हे प्रथम मान्य करावे. या भाषेतील काही शब्दांचे हिब्रूशी, तर त्याहून अधिक ग्रीकशी साम्य असल्याचे विल्यम्स सुचवितात, ते आज कोणीही स्वीकारणार नाही. परंतु जेथे ते सिद्धान्त बाजूस ठेवून ऐकतात, तेथे त्यांचा कान क्वचितच चुकतो. नॅरगॅन्सेट लोक मृताचे नाव उच्चारीत नाहीत, प्रमुख निवर्तला असता ‘जो प्रमुख होता तो’ अशा अर्थाचे प्रत्यययुक्त रूप वापरतात, ही नोंद शेवटच्या प्रकरणात आहे. रूपविचार आणि लोकाचार यांचा सांधा येथे सहज सापडतो. तद्देशीय लोक आपल्या जमिनीच्या सीमांविषयी अत्यंत काटेकोर असतात, हे विधानही याच ग्रंथात आहे. विन्थ्रॉपादिकांनी ‘ओसाड भूमी कसणाऱ्याची’ असा जो युक्तिवाद केला होता, त्यास हे साधे निरीक्षण हे उत्तर होय.

एलियट यांची वाट निराळी. १६४६ पासून त्यांनी मॅसॅच्युसेट भाषेत प्रवचने दिली आणि १६६३ मध्ये संपूर्ण बायबल त्या भाषेत केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे छापून पूर्ण झाले. त्यांचे व्याकरण विल्यम्स यांच्या ग्रंथापेक्षा अर्थातच पद्धतशीर आहे. सचेतन व अचेतन हा नामांचा भेद त्यांनी स्पष्ट ओळखला. मात्र सर्वनामांच्या प्रकरणात एक उणीव आहे, आणि मराठी वाचकाच्या ती चटकन ध्यानी येईल. या भाषेत ‘नीनवन’ व ‘कीनवन’ अशी प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. पहिल्यातून श्रोता वगळला जातो; दुसऱ्यात तो समाविष्ट होतो. म्हणजे आपले ‘आम्ही’ आणि ‘आपण’. एलियट ही दोन्ही रूपे ‘किंवा’ने जोडून देतात आणि पुढे जातात. इंग्रजीत एकच सर्वनाम असल्याने त्यांना येथे केवळ पर्याय दिसला. भेद दिसला नाही.

परंतु त्यांच्याच बायबलात प्रभूची प्रार्थना ‘नूशन’ या शब्दाने सुरू होते. हे ‘न’काराने आरंभ होणारे, श्रोत्यास वगळणारे रूप आहे आणि ते अचूक आहे, कारण येथे श्रोता साक्षात ईश्वर आहे, व तो स्वतःच्याच पितृत्वात सहभागी होऊ शकत नाही. मराठी प्रार्थनेतही ‘आमच्या’ हेच रूप येते. व्याकरणात न सांगितलेला नियम भाषांतरात पाळला गेला, याचे श्रेय कोणाचे? कॉकेनो, जॉब नेसुटन आणि छापखान्यात काम करणारा, ‘जेम्स प्रिंटर’ म्हणून ओळखला जाणारा वोवाउस, यांच्या साहाय्याखेरीज हे कार्य झाले नसते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ग्रंथ मात्र ‘एलियटचे बायबल’ म्हणूनच प्रसिद्ध आहे.

आपल्याकडील फादर स्टीफन्स यांचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. तेही इंग्रजच, परंतु विरुद्ध पंथाचे. ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचताना त्यांच्यापुढे ओवीची प्रस्थापित परंपरा उभी होती. तिच्यापुढे त्यांना नमावे लागले. एलियट यांना तशी लिखित परंपरा भेटली नाही. त्यामुळे त्यांच्या भाषांतरातील तद्देशीयांचा वाटा अदृश्य राहणे सोपे झाले.

विल्यम्स यांना निर्दोष ठरविण्याचाही मोह टाळला पाहिजे. ‘किल्ली’ने लंडनमध्ये त्यांचा लौकिक वाढविला आणि १६४४ मध्ये त्यांना वसाहतीची सनद मिळाली. ज्या वर्षी ग्रंथ छापला, त्याच वर्षी मियान्टोनोमी यांचा अनकसकडून वध झाला, तोही संयुक्त वसाहतींच्या आयुक्तांच्या संमतीने. १६७५-७६ च्या युद्धात प्रॉव्हिडन्स जळाले आणि वृद्ध विल्यम्स बंदिवानांच्या विक्रीची व्यवस्था पाहणाऱ्या समितीवर होते. उलट एलियट यांनी बंदिवानांस गुलाम म्हणून विकण्याचा निषेध केला होता. तथापि त्यांच्या नॅटिक येथील धर्मांतरितांस १६७५ मध्ये डियर बेटावर नेऊन ठेवण्यात आले, आणि तेथे अनेक जण मृत्यू पावले. एका प्रार्थनेत सामील झालेल्यांचाही ‘आपण’मध्ये समावेश झाला नाही.

तेव्हा या दोन ग्रंथांचे मूल्य कशात मानावे? प्रस्तुत लेखकाच्या मते विल्यम्स यांचा ग्रंथ संवादाच्या रूपामुळे श्रेष्ठ ठरतो. त्यात दुसरा माणूस बोलताना ऐकू येतो. एलियट यांचे व्याकरण अपुरे आहे. परंतु त्यांच्या भाषांतरात त्या भाषेचे भाषिक स्वतः उपस्थित आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या वाम्पानोआग भाषेच्या पुनरुज्जीवनास याच बायबलाचा मोठा आधार मिळाला. ज्यांच्या पूर्वजांनी ‘नीनवन’ व ‘कीनवन’ यांतील भेद छापखान्यात जपला, त्यांच्याच वंशजांकडे तो परत गेला. व्याकरणकाराने लिहिलेला नियम आणि भाषिकाने पाळलेला नियम यांत तफावत आढळली, तर अभ्यासकाने दुसऱ्याची साक्ष प्रमाण मानावी, एवढा धडा या दोन ग्रंथांतून निश्चित मिळतो.